बंदुकीचा धक्का: खांदा वांग्याच्या रंगाचा होण्याआधी

ट्रॅप, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या (क्ले) बंदुकीनं फोडायचा खेळ, शिकायला लागले तेव्हा पहिला महिनाभर माझा उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा होता. उसनी बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्यांची जाड नळीची बंदूक, होती. शिकवणारे म्हणायचे, "होईल सवय." सवय काही झाली नाही. उलट ट्रिगर ओढायच्या आधीच माझे डोळे आपोआप मिटायला लागले आणि क्ले माझ्यासमोरून सुखरूप निघून जायला लागले.

एका रविवारी रेंजवरच्या एका जुन्या नेमबाज काकांनी माझी बंदूक घेतली. ती रिकामी असल्याचं आधी स्वतः उघडून पाहिलं. मग बट, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं टोक, माझ्या कोपराच्या खाचेत टेकवला आणि बोट ट्रिगरपर्यंत न्यायला सांगितलं. बोट इंचभर अलीकडेच थांबलं. "ताई, ही सहा फुटी माणसाची बंदूक आहे," ते म्हणाले. "ती तुम्हाला मारत नाहीये, तुम्हीच तिला दूर धरून मारून घेताय." हे कोपराचं माप ढोबळ आहे, पण माझ्यापुरतं पुरेसं ठरलं. पुढच्या आठवड्यात आखूड दस्त्याची, म्हणजे मागचा धरायचा-टेकवायचा भाग आखूड असलेली, बंदूक मिळाली. काडतूस तेच होतं, मीही तीच होते, आणि धक्का मात्र निम्म्यावर आल्यासारखा वाटला.

म्हणून नवीन येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते. धक्क्याचा एक भाग गणिताचा आहे. तो बंदूक आणि काडतूस निवडतानाच ठरतो आणि त्यावर कितीही दात-ओठ खाल्ले तरी उपयोग नसतो. दुसरा भाग तुमच्या खांद्याचा, गालाचा आणि कानांचा आहे. नवखी माणसं बहुतेक वेळा मार खातात तो या दुसऱ्या भागात.

आधी हिशोब

भाऊच्या धक्क्यावर लहान होडीतून उतरलेल्या माणसाला हा विषय वेगळा शिकवावा लागत नाही. उतरायला जोर लावला की होडी मागे सरकते. बेसावध असलात तर एक पाय होडीत, एक धक्क्यावर आणि बाकीचा सगळा ऐवज पाण्यात. तोच जोर मोठ्या लाँचमधून लावा, लाँच हलल्याचं कळतही नाही.

बंदुकीत गोळी तुमच्यासारखी पुढे उडी मारते आणि बंदूक होडीसारखी मागे सरकते. शाळेच्या पुस्तकात याला प्रतिक्षेप म्हणतात, रेंजवर रिकॉइल म्हणतात आणि दुखायला लागलं की सगळेच धक्का म्हणतात.

गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, त्यात दारूच्या गॅसचा वाटा मिळवायचा आणि आलेल्या आकड्याला बंदुकीच्या वजनानं भागायचं. बंदूक किती वेगानं मागे येते ते मिळतं. गॅसचा वाटा लोक हमखास विसरतात. तोंड न बांधलेला फुगा सोडून द्या, तो नुसत्या हवेच्या जोरावर घरभर पळतो. नळीच्या तोंडातून गॅस तसाच सुटतो, तोही गोळीपेक्षा जास्त वेगानं. सैन्यातल्या जुन्या ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआर रायफलमध्ये दारू जेमतेम ३ ग्रॅम असते, तरी एकूण धक्क्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा तिचाच असतो.

ट्रॅपचा हिशोब करून पाहू. ऑलिंपिक ट्रॅपच्या काडतुसात छर्रे २४ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ४०० मीटर. वजन किलोत घेऊन गुणाकार केला आणि वॅड (छर्रे आणि दारू यांच्यामधलं बूच) आणि गॅस धरले की बेरीज ११.४ च्या आसपास जाते. बंदूक ३.६ किलोची. भागाकार केला की बंदूक सेकंदाला ३.२ मीटर वेगानं मागे येते आणि तिच्यात सुमारे १८ ज्यूल ऊर्जा असते.

ज्यूल म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांवर झापड येते. म्हणून मी एक घरगुती माप काढलंय. तीच बंदूक किती उंचीवरून खांद्यावर पडली असती तर एवढ्याच वेगानं आदळली असती? ट्रॅपच्या बंदुकीचं उत्तर येतं पावणेदोन फूट. एसएलआर सव्वा फुटाच्या आतबाहेर. सैन्यातलीच ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल जेमतेम १० सेंटिमीटर. पॉइंट टूटू, म्हणजे ०.२२ इंची छोट्या काडतुसाची, ६ किलोची मॅच (स्पर्धेची) रायफल? मिलिमीटरभर. म्हणूनच एनसीसीच्या कॅम्पात पहिल्यांदा पॉइंट टूटू चालवलेली मुलं उठून विचारतात, "झालं? एवढंच?"

आता दुसरं टोक. ३ किलोची हलकी एकनळी आणि तिच्यात शिकारीचं ३२ ग्रॅम छर्ऱ्यांचं काडतूस. वेग पावणेपाच मीटर, ऊर्जा सुमारे ३४ ज्यूल आणि उंची जवळजवळ पावणेचार फूट! "हलकी आहे, नवख्याला झेपेल" म्हणून नेमकी हीच जोडी नवख्याच्या हातात देणारे महाभाग असतात. मग तो कोलमडला की व्हिडिओ काढतात. अशा माणसाकडून काहीही शिकू नका, गाडी पार्क करायलासुद्धा.

दोनच गोष्टी लक्षात ठेवा. काडतूस तेच ठेवून बंदूक दुप्पट जड केली तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. पण बंदूक तीच ठेवून पुढे जाणारा जोर दहा टक्के वाढवला, तर ऊर्जा दहा नव्हे, एकवीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे दुकानात किंवा क्लबात "थोडं जोरदार काडतूस आहे" असं कोणी म्हणालं, तर त्यातल्या 'थोडं' या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

खड्डा तोच, सीट वेगळी

एसटीत मागच्या सीटवर बसलेल्याला आणि मध्ये बसलेल्याला खड्डा एकच लागतो, पण कंबर एकाचीच जाते. धक्क्याचंही तसंच आहे. ऊर्जा तेवढीच असली तरी ती किती वेळात आणि किती जागेवर उतरते यावर दुखणं ठरतं.

वेळेचा खेळ तोफखान्यानं सगळ्यात आधी मोठ्या प्रमाणावर जिंकला. जुनी तोफ बार काढला की गाड्यासकट मागे जायची आणि दर वेळी ढकलून जागेवर आणून पुन्हा नेम धरावा लागायचा. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेत नळी एकटीच मीटरभर मागे सरकायची, तेल आणि दाबलेली हवा तिला हळूहळू थांबवून परत आणायची आणि गाडा जागचा हलायचा नाही. धक्का कमी झाला नव्हता, तो लांबवला होता. गॅसच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटो बंदूक खांद्याला मऊ लागते त्याचं मोठं कारण हेच. आतले भाग मागे जाण्यात वेळ जातो आणि ठोसा ढकलल्यासारखा होतो. बटाला लावलेलं रबरी पॅड तेच काम स्वस्तात करतं, शिवाय जागाही वाढवतं. थ्री-नॉट-थ्रीच्या बटावर पितळी पट्टी असायची. ती चालवलेल्या जुन्या हवालदारांना रबराचं महत्त्व सांगायला जाऊ नका, तेच तुम्हाला सांगतील.

नळीचं तोंड वर का उडतं, हाही प्रश्न नेहमी येतो. जोर नळीच्या रेषेत मागे येतो, पण बंदुकीला अडवणारा खांदा त्या रेषेच्या खाली असतो. मग ती खांद्याभोवती वळते आणि तोंड वर जातं. दोन नळ्या एकावर एक असलेल्या बंदुकीत ट्रॅपवाले पहिला बार खालच्या नळीचा काढतात त्यामागे हेही एक कारण आहे. ती नळी खांद्याच्या रेषेला जवळ असल्यानं तोंड कमी उडतं आणि दुसऱ्या बारासाठी डोळा लवकर क्लेवर परततो. पिस्तुलात नळी मुठीच्या वर असते आणि मागे खांदा नसतो, म्हणून एकूण ऊर्जा कमी असूनही मनगट उडतं.

तोंडाशी बसवायचे मझल ब्रेक गॅस बाजूला वळवून धक्का खरंच कमी करतात. त्याची किंमत शेजारच्या लेनमधल्या माणसाचे कान भरतात. नवख्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खांद्याला लावताना

पहिल्यांदा रिकाम्या बंदुकीनं, आरशासमोर किंवा प्रशिक्षकासमोर. हे पन्नास वेळा करा, कंटाळा आला तरी.

उजवा हात खांद्याच्या उंचीला आडवा उचला. गळ्याखालचं हाड आणि दंडाचा गोळा यांच्या मध्ये एक खळगा तयार होतो. बटाची जागा ती. हाडावर नाही आणि दंडावर तर अजिबात नाही. हात खाली पाडला की खळगा बुजतो आणि बट घसरत दंडाकडे जातो.

बट आणि खांदा यांच्यात फट नको. का, ते आकड्यांत पाहा. बारा बोअरचे छर्रे नळीबाहेर पडेपर्यंत बंदूक मागे सरकते फक्त ५ मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात तिनं जवळजवळ पूर्ण वेग घेतलेला असतो. बोटभर फट ठेवलीत तर ३ मीटरच्या वेगानं येणारा साडेतीन किलोचा हातोडा खांद्यावर बसतो. फट नसेल तर पहिल्या मिलिमीटरपासून तुमचं शरीर बंदुकीला चिकटलेलं असतं आणि होडीची लाँच होते. पण घट्ट म्हणजे आवळून नव्हे. भरलेली परात अंगाशी धरता ना, तेवढंच. पांढरी पडलेली बोटं आणि ताठ मान काही थोपवत नाहीत, फक्त थकवतात.

वजन पुढच्या पायावर, गुडघा किंचित सैल, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत. नवखे लोक बंदुकीच्या वजनाला भिऊन मागे रेलतात. रेललेल्या माणसाला धक्का लागला की सावरायला जागाच उरत नाही.

गाल दस्त्यावर दाबून टेकवायचा. हे भीतीच्या उलट वाटतं, पण गालावर बसणारी थप्पड बहुतेक वेळा गाल वर उचलल्यामुळेच बसते. टेकलेला गाल दस्त्याबरोबर जातो, अधांतरी गालावर दस्ता येऊन आपटतो. रायफलवर दुर्बीण असेल तर डोळा तिच्यापासून तीनेक इंच तरी लांब हवा. जवळ गेलात तर भुवईवर चंद्रकोर उमटते आणि ती कुंकवानं झाकली जात नाही.

बायकांसाठी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. ब्राच्या पट्टीची सरकती कडी नेमकी त्याच खळग्यात येते. पंचवीस बार काढलेत की तिचा ठसा आठवडाभर मिरवावा लागतो. कडी मागे सरकवा नाहीतर स्पोर्ट्स ब्रा घाला. गळ्यातलं, ओढणी, खांद्यावरचं बटण सगळं बाजूला. पुरुषांनी शर्टच्या खिशातलं पेन काढावं.

पिस्तूल असेल तर पकड शक्य तितकी उंच, नळीच्या रेषेला जवळ. पण अंगठा स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, मागे नको. स्लाइड मागे येताना तो सोलून काढते. हे एकदाच शिकावं लागतं, पण न शिकलेलं बरं.

गोळी केव्हाच गेलेली असते

सगळ्यात जास्त नुकसान धक्का करत नाही, धक्क्याची वाट पाहणं करतं.

एसएलआरची गोळी नळीतून दीड मिलिसेकंदाच्या आत बाहेर पडते आणि तेवढ्यात रायफल मागे सरकलेली असते मिलिमीटरभर. पॉइंट टूटूच्या जड मॅच रायफलमध्ये तर पाव मिलिमीटर. खांद्याला जाणवतो तो बहुतेक धक्का गोळी गेल्यानंतरचा आहे. माणसाला काही घडल्यावर हालचाल करायला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे धक्क्याला दिलेल्या प्रतिसादामुळे गोळी चुकणं शक्यच नाही. ती चुकते ती आधीच दचकल्यामुळे. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, मनगट खाली दबतं, आणि हे सगळं ट्रिगर सुटायच्या क्षणभर आधी.

दचकतोय हे दचकणाऱ्याला कळत नाही, कारण बार झाला की त्या गोंधळात सगळं झाकलं जातं. त्यावर जुना उपाय आहे डमी काडतुसाचा. प्रशिक्षक तुमच्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादं डमी मिसळतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका कॉलेजच्या मुलीवर हा प्रयोग केला. रायफल पॉइंट टूटूच, उंची मिलिमीटरभराची! चार बार व्यवस्थित झाले, पाचव्याला नुसतं 'टक्'. फुसका बार. नळीचं तोंड मात्र चांगलं दोन बोटं खाली डुबकी मारून आलं.

"अगं, हे काय केलंस?"

"मी नाही केलं काकू, रायफलनंच केलं."

"रायफलमध्ये दारूच नव्हती."

ती आधी हसली आणि मग बराच वेळ त्या डमीकडे बघत बसली. पुढचे तीन रविवार तिनं तोच खेळ स्वतःहून मागितला. चौथ्या रविवारी डमीवर नळी हलली नाही. इथे एक खबरदारी घ्यायचीच. 'टक्' झालं तरी नळी लक्ष्याकडेच राहते, बोट ट्रिगरवरून निघतं आणि अर्धा मिनिट थांबूनच प्रशिक्षक बंदूक उघडतो. खरं काडतूस कधीकधी उशिरा पेटतं.

दचकण्यातला मोठा वाटा आवाजाचा असतो. बारा बोअरचा बार १५० डेसिबलच्या आसपास जातो. ज्याला आपण धक्का समजतो त्यातला बराचसा कानातून आलेला असतो. फोमचे प्लग नीट पिळून आत बसवा आणि वर इअरमफही चढवा, दोन्ही. नुसत्या इअरमफवर घाबरणारी दोघं-तिघं प्लग घातल्यावर पाच मिनिटांत निवांत झालेली मी पाहिली आहेत. बंद शेडखाली आवाज आणखी अंगावर येतो, म्हणून पहिले बार शक्यतो उघड्यावर काढावेत.

कशापासून सुरुवात करायची

१० मीटर एअर रायफलपासून. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि रायफल ५ किलोची, म्हणजे धक्का नावालाच. पण ती दाबलेल्या हवेची मॅच रायफल असावी. मोडून स्प्रिंग भरायची एअरगन दिसायला गरीब असते आणि वागायला नाठाळ. आतला जड दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे जाते आणि दट्ट्या टोकाला थांबला की बंदूक पुढे झटका देते, तोही छर्रा नळीत असतानाच. असा दुहेरी झटका मोठ्या रायफलींतही नसतो. त्यानं साध्या दुर्बिणींच्या आतल्या काचा सैल होतात. अशी एअरगन आवळली की छर्रे विखुरतात, हातावर नुसती ठेवली की एका जागी पडतात.

मग पॉइंट टूटू. ही पायरी कमीपणाची समजू नका. २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं ते याच कॅलिबरवर, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतचं २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णही. दोघंही कोल्हापूरकडची. त्या पिस्तूल प्रकाराच्या जलद फेरीत हात खालून वर आणून ३ सेकंदांत एक बार काढायचा असतो. इतक्या छोट्या काडतुसाचा धक्काही दर वेळी एकसारखा हातात उतरावा लागतो. बार झाल्यावर रायफल किंवा पिस्तूल आपसूक परत लक्ष्यावर येते का ते पाहा. येत असेल तर तुम्ही नीट उभे आहात. दर वेळी उजवीकडेच जाऊन थांबत असेल तर हातानं ओढून आणू नका, पाय हलवा.

बारा बोअर त्यानंतर. बंदूक जड, काडतूस २४ ग्रॅमचं, पहिल्या दिवशी दहा-बारा बार आणि बस. ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ क्ले असतात आणि प्रत्येकावर दोन बार काढायची मुभा असते, म्हणजे मुरलेला नेमबाज एका स्पर्धेत सव्वाशेच्या वर काडतुसं सहज पचवतो. ते पाहून हुरळायचं नाही. नवख्याचं शेवटचं काडतूस दमलेल्या खांद्यावर आणि उचललेल्या गालावर जातं, आणि घरी लक्षात राहतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आरशात

सकाळी अंघोळीआधी खांदा नीट पाहा. खळग्यात हलकी लाली असेल तर ठीक. दंडावर काळंनिळं असेल तर कोपर खाली पडत होता किंवा बंदूक खांद्याला लावताना घाई झाली. गळ्याखालच्या हाडावर दुखत असेल तर बट आत सरकला होता. फक्त बटाच्या खालच्या टोकाची खूण उमटली असेल तर बट खांद्याच्या वर निघाला होता. गाल दुखत असेल तर तो उचलला जात होता किंवा दस्ता तुमच्या चेहऱ्याला उंच आहे. मधल्या बोटाच्या वरच्या पेरावर सूज असेल तर पकड ढिली आहे आणि ट्रिगरचं कडं मागे येऊन बोटावर आपटतंय. यातलं काहीही असेल तर फोटो काढून प्रशिक्षकाला दाखवा, आणि खूण पूर्ण जाईपर्यंत पुन्हा रिकाम्या बंदुकीवर. हाडावर बोट टेकवूनही कळ जात असेल किंवा हात वर जात नसेल तर आधी डॉक्टरकडे.